सात दिवसांची अट

४ मे, रविवार

निखिलचं एक्सेल आलं. माझ्या तीन जागांचं प्रगतिपुस्तक. सा. (साळवी स्टॉपचा फ्लॅट) हिरवा, हा. (हातखंब्याचा गाळा) पिवळा आणि शि. लाल. शिरगावचं घर लाल! बाबांनी बोटीवरच्या पगारातून बांधलेलं, दादा आणि मी जिथे वाढलो ते. वॉर्डात सीरियस पेशंटच्या कागदावर आम्ही लाल खूण करायचो, तेच आठवलं.

पोरगा हुशार आहे. दादाचा मुलगा, पुण्यात बसून लोकांच्या पैशांचं बघतो. मीच म्हटलं होतं, बाबा रे, आत्याचंही बघ. चौसष्ट पूर्ण झाली. पाय चालतायत तोवर काय ठेवायचं, काय विकायचं ते ठरवायला हवं. पुढे कोण हातखंब्याला जाऊन गाळा बघणार?

शि.: किंमत बेचाळीस लाख (हे त्यानेच धरलेलं). भाडं साडेसहा हजार. घरपट्टी, कौलं चाळणं, वाळवीचं औषध वजा जाता हातात जेमतेम दीड टक्का. खाली त्याची टीप: "आत्या, साधं बचत खातंही याहून जास्त देतं."

मान्य. पण बचत खात्याला पडवी नसते.

९ मे, शुक्रवार

हातखंब्याला जाऊन आले. एसटीत बसायला जागा मिळाली, हा आजचा नफा. गाळ्यात सलीमभाईंचं टायरचं दुकान, नऊ वर्षं. रस्ता रुंद झाल्यापासून धंदा बसलाय.

"सिस्टर, पैले गाड्या वळनावर थांबायच्या. आता सुसाट जातात. हवा भरायला पन कोन उतरत नाय."

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे सिस्टरच म्हणतात. बरं वाटतं, उगाच खोटं का लिहू.

हजार कमी करा म्हणत होते. पावसाळाभर पाचशे कमी केले. निखिल ओरडणार. पण दुकान उठलं तर गाळा सहा महिने कुलपात राहील, आणि कुलूप भाडं देत नाही. नऊ वर्षांत एकदाही यांना फोन करून भाडं मागावं लागलेलं नाही. याला त्याच्या तक्त्यात रकाना नाही, मी शोधला.

१७ मे, शनिवार

सा. ला. गीझर पुन्हा जळला. चारही मुली कॉलेजच्या, दोघी सावर्ड्याच्या, दोघी केळशीच्या. चौघींनाही गीझर लावता येतो, बंद एकीलाही करता येत नाही. नवीन कॉइल माझी, मजुरी त्यांची, असं ठरलं. केळशीची म्हणाली, "आन्टी, डिपॉझिटमधून कापा." तिला म्हटलं, डिपॉझिट म्हणजे काय गुल्लक आहे का?

सुट्टीला परवा सगळ्या घरी जातायत. त्या महिन्याचं अर्धं भाडं. गणपतीतही जागा आठवडाभर रिकामीच असते. तरी निखिलचा हिरवा रंग यालाच.

२५ मे, रविवार

निखिलचा फोन. तासभर. त्याने तिन्ही करारनामे वाचून काढले. शि. च्या करारातली सातवी अट वाचून हसत होता.

ती मीच घातलेली. "गणेश चतुर्थीच्या आदल्या दुपारपासून सातव्या दिवशी विसर्जन होऊन दुसऱ्या सकाळपर्यंत घर मालकाच्या ताब्यात राहील. भाडेकरूने सामान मागच्या खोलीत लावून कुलूप घालावे." आई गेल्यावर घर बंद ठेवलं तर दोन पावसाळ्यांत वाळवीने दार खाल्लं. म्हणून भाड्याने दिलं. पण गणपती तिथेच बसणार, पन्नास वर्षांची जागा आहे ती. म्हणून अट.

नि.: "तिथलं भाडं आज साडेआठ चालू आहे. तुला साडेसहा मिळतं, कारण ही अट मान्य करणारं दुसरं कुणी भेटत नाही. महिना दोन हजार, अकरा महिन्यांचे बावीस हजार. सात दिवसांसाठी! दिवसाला तीन हजारांच्या वर पडतो आत्या. एवढ्यात गणपतीपुळ्याला एसी रूम येईल."

मी: "मग तिथेच नेऊन बसवूया का?"

तो खूप हसला. मी नाही. गेल्या वर्षी कितीजण होतो, असंही विचारलं त्याने. मी, वहिनी, आणि तो दीड दिवस. दादा होता तेव्हा मुंबईहून दोन गाड्या भरून यायच्या. पडवीत झोपायला जागा नसायची, बायका माजघरात आडव्यातिडव्या. दादाला जाऊन चार वर्षं झाली. माणसं कशी कमी होत जातात ते त्या सात दिवसांत नीट कळतं. हजेरीपट असावा तसं.

हिशोब त्याचा बरोबर आहे. तेच तर लागलं.

१ जून, रविवार

शिरगाव. मोहित्यांचा करार ३१ जुलैला संपतोय. अकरा महिन्यांचा करार दर वर्षी एक महिना मागे सरकतो, त्यामुळे यंदा नवीन करार गणपतीच्या तोंडावर आलाय.

मोहिते कराडकडचे. इथे पाणीपुरवठ्यात पंपावर आहेत. बायको सुवर्णा, मुलगी ईश्वरी तिसरीत. सहा वर्षं आहेत. घर असं ठेवतात की मला ते दुसऱ्याचं वाटावं. मागे अळू, कढीपत्ता, पडवीच्या कठड्यावर ईश्वरीचं दप्तर आणि खडू.

चहा झाल्यावर मोहिते खुर्चीच्या टोकावर सरकून बसले. "सिस्टर, एक विचारायचं हुतं. रागावू नका."

त्यांचे वडील गेल्या वर्षी माघात गेले. आता वर्षश्राद्ध झालं. "आमच्यात थोरल्याकडंच जातोय गणपती. अण्णा शेवटी तेवढंच बोलले बघा. धाकट्यानं गावाकडचं घर पाडून नवीन काढलंय, जोत्यापर्यंत बी आलं न्हाई. म्हटलं, हितं बसवावा. पण तुमचा असतोय."

एका घरात दोन गणपती बसत नाहीत. मी तसं म्हटलंही, पाठ केल्यासारखं.

"ठाऊक हाय. म्हणून तर विचारतोय. न्हाई जमलं तर दुसरी जागा बघतो. तुमचा काय दोष न्हाई त्यात."

मग मी विचारलं, "एरवी सात दिवस तुम्ही गावीच जायचात ना? यंदा कुठे जाणार होतात?"

त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं, तिने ईश्वरीकडे.

सहा वर्षं मी या तिघांना घराबाहेर काढते आणि ती जातात कुठे हे एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं, तेही चुकून.

३ जून, मंगळवार

दोन दिवस डोक्यात तेच. तीन पर्याय. अ) नाही म्हणायचं. मोहिते जातील. असा भाडेकरू पुन्हा नाही, ही व्यवहाराची बाजू. ब) अट काढायची. मग आपला गणपती? इथे माळनाक्यावर माझ्याकडे? ही वन आरके, दुसरा मजला, शेजारी नेहमी दार लावून असतात. आणि जागा अशी हलवतात का? बाबा म्हणायचे, देवाची जागा म्हणजे काय टेबल आहे का उचलून ठेवायला. क)

क सुचत नाही.

१० जून, मंगळवार

शेवटी कौल लावायला गेले. शिरगावच्या ग्रामदेवतेला नारळ घेऊन. सायन्स शिकलेली बाई मी, तेहेतीस वर्षं इंजेक्शनं दिली. पण आपल्याला सुचेना झालं की देवाला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. तो तरी दुसरं काय काम करतो बसून?

बाबू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला उजवी-डावीकडे दोन कळ्या चिकटवल्या. गणपती माळनाक्याला न्यायचा असेल तर उजवी दे, नसेल तर डावी. पाऊण तास बसलो. एकही पडेना. बाबूने पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. बाहेर दोन बायका ताटकळत होत्या, त्यांना मुलाच्या नोकरीचं विचारायचं होतं.

बाबू: "सिस्टर, देव आज काय बोलत नाय. त्यालापन इचार करायला टाईम लागतो. फुडच्या मंगळवारी या."

म्हटलं, ३१ जुलैच्या आत बोलायला सांग. करार आहे.

१५ जून, रविवार

सुचलं! क सुचला. गणपतीत सा. च्या मुली घरी जातात, फ्लॅट आठवडाभर रिकामा. मुलींची परवानगी घेऊन मोहित्यांनी त्या सात दिवसांत तिथे आपला गणपती बसवायचा. माझा शिरगावला. भाडं कुणाचं बुडत नाही, गणपती कुणाचा अडत नाही, जागाही वापरात. निखिलला फोन केला. "आत्या, ब्रिलियंट! युटिलायझेशन हंड्रेड परसेंट."

दिवसभर स्वतःवरच खूश होते. मुलींना फोन केले, चौघीही हो म्हणाल्या. सावर्ड्याची म्हणाली, आन्टी मोदक ठेवा फ्रिजमध्ये. संध्याकाळी मासळी आणली, सौंदाळे, महाग होते तरी.

२२ जून, रविवार

शिरगाव. मोहिते पंपावर, सुवर्णा एकटीच होती. भाकरी थापत होती. मी उत्साहाने सगळं सांगितलं. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास, गॅस आहे.

तिने तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, खाली काढली, मग बोलली. आवाजात राग नव्हता, तिलाच विचार पडलेला.

"मावशी, तितं आमची चूल न्हाई. जितं वर्षभर आपण शिजवत न्हाई तितं गणपती कसा आणायचा? सात दिवसांसाठी मांडलेली चूल ती. पावन्यागत वाटंल की त्याला."

मी म्हटलं, "हो, तेही खरंच." चहा घेतला. रिक्षात बसले. साळवी स्टॉप मागे गेल्यावर डोक्यात उजेड पडला.

माझी चूल कुठे आहे शिरगावात? वीस वर्षं मी तिथे रोजचं शिजवलेलं नाही. चतुर्थीला शेगडी, सिलिंडर, भांडी रिक्षातून नेते आणि आठव्या दिवशी परत आणते. पाहुण्यासारखा तर माझाच गणपती येतोय तिथे, इतकी वर्षं. त्या घरात रोजची भाकरी सुवर्णाची आहे.

तिने हे माझ्यासाठी म्हटलेलंच नव्हतं. त्यामुळे जास्त बोचलं.

५ जुलै, शनिवार

मोहिते घरी आले. पहिल्यांदाच. पावसात भिजलेले, आत येईनात, दारातच उभे. ओढून आत घेतलं, टॉवेल दिला.

मिरजोळ्यात एक जागा बघितली, नऊ हजार. ईश्वरीची शाळा तिथून लांब. सुवर्णाला जायचं नाही. मग मोहित्यांनी वाट काढलेली. "सिस्टर, तुमचा बसवा बाहेर, हाय तिथंच. आमी मागच्या खोलीत सुपारी मांडतो. मूर्ती न्हाई आणत. सुपारीला कोन गणपती म्हणतंय? मग दोन झालं न्हाईत नव्हं?"

माणूस भाडं भरतो, दर महिन्याच्या दोन तारखेला. आणि त्याचा देव मागच्या खोलीत, धान्याच्या डब्यांशेजारी, सुपारी होऊन बसणार. का, तर पुढच्या खोलीत मालकिणीचा आहे.

मग खाली बघत म्हणाले, "भाड्याचंबी बघतो कसंतरी. निखिल सरांचा मेसेज आलता."

कसला मेसेज? त्यांनी फोन दाखवला. निखिलने परस्पर पाठवलेला. अट ठेवून साडेसात, अट काढून नऊ. "कृपया या आठवड्यात कळवावे." नमस्कारही नाही खाली.

लाज वाटली. तशीच लिहून ठेवते. लाज वाटली.

मोहित्यांना म्हटलं, तो मेसेज पुसून टाका. सुपारीबिपारी काही मांडायची नाही. मला थोडे दिवस द्या.

"दिले की," म्हणाले. जणू घर त्यांचंच होतं आणि मी मुदत मागत होते.

६ जुलै, रविवार

निखिलशी भांडण. फोनवर एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते त्याच्याशी.

तो म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून मी मॅनेज करतोय. मी भाडेकरूशी बोलणार नाही तर कोण?" हेही खरं. मी म्हटलं, भाडेकरूशी बोल, गणपतीचा भाव नको करू. तो म्हणाला, "भाव तूच केलायस आत्या. सहा वर्षांपूर्वी करारात तूच लिहिलास. मी फक्त आकडा घातला."

फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

मग त्याचा आवाज खाली आला. यंदा जमणार नाही म्हणाला, दीड दिवससुद्धा नाही. वहिनीचा गुडघा, तिलाही प्रवास नको. आणि नंतर, थांबून थांबून:

"आत्या, खोटं नाही बोलत. गणपती तुझा आहे. तू आहेस म्हणून मी येतो. तू नसशील तेव्हा मी नाही करणार. म्हणजे, मला जमणार नाही. तू आधीच सांग म्हणशील म्हणून आज सांगतोय."

ठेवते म्हणाले आणि ठेवला. रडू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. दादा गेला तेव्हा आलं होतं तसं नाही, हे वेगळं. हा मुलगा माझ्या मांडीवर बसून आरतीत झांज वाजवायचा, आणि त्याने मला फसवलं नाही, स्वच्छ सांगितलं. रागावू तरी कशावर?

वरण करपलं.

८ जुलै, मंगळवार

बाबू गुरवाकडे तिसरी खेप. या वेळी दोन्ही कळ्या एकदम पडल्या. बाबू माझ्याकडे, मी बाबूकडे.

"आता?"

"आता तुमीच बगा सिस्टर."

दक्षिणा मात्र त्याने पूर्ण घेतली.

१३ जुलै, रविवार

घरात टेप घेऊन मोजलं. पूर्वेचा कोपरा: फ्रिज हलवला तर सव्वातीन फूट मिळतात. चौरंग बसतो. माणसं बसली तर चार, पाचवा दारात. आरतीला खालच्या मजल्यावरचे येतील का, ठाऊक नाही. जिन्यात भेटलं की हसतात.

शेजारीण विचारत होती, काय मोजताय, नवीन कपाट? हो म्हटलं.

आणलाच इथे, तर किती वर्षं? पाच? दहा? माझे हात चालतील तोवर. नंतर पुढे नेणारं कुणी नाही हे आता माहीत झालंय. माहीत नसताना करणं सोपं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी निखिलसाठी सांभाळतेय, दादाचा वारसा वगैरे. म्हणून भाडं सोडलं, म्हणून अट घातली, म्हणून तीन माणसांना दर वर्षी बाहेर काढलं. आणि ज्याच्यासाठी, त्याला तर

उद्या लिहीन. नको.

१४ जुलै, सोमवार

कालचं पुरं करते. मी ते माझ्यासाठीच करत होते. सात दिवस त्या घरात बाबांची मुलगी होता येतं म्हणून. एरवी सगळ्यांची सिस्टर.

बरं झालं लिहून टाकलं.

२० जुलै, रविवार

करार झाला. मुदत संपायच्या आधीच. करारनाम्याचं करणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन शिरगावला आला, पडवीत टेबल लावलं. माझा अंगठा पाच वेळा लागेना, औषधांनी रेषा झिजल्यात म्हणे. सहाव्यांदा लागला. मोहित्यांचा पहिल्या फटक्यात.

मुलगा सगळ्या अटी वाचत गेला. सातवीला थांबला. "ही नेहमीचीच ना, सिस्टर?"

"काढ ती."

सुवर्णा दारात उभी होती. आत निघून गेली. मग आतून भांड्यांचा आवाज, उगाचच, काही काम नसताना येतो तसा.

भाडं साडेसात. मी काही संत नाही. बाजार साडेआठचा आहे हे मलाही ठाऊक आहे आणि मोहित्यांनाही. हजार सोडले, ते अळूचे आणि वाळवी लागू दिली नाही त्याचे. मोहिते म्हणाले, आठ घ्या. मी म्हटलं, साडेसात. ते म्हणाले, पावणेआठ तरी. भाडेकरू भाव वाढवतोय आणि मालकीण पाडतेय, हे त्या मुलाने बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. साडेसातवर सह्या झाल्या.

निघताना ईश्वरीने विचारलं, "आजी, मग तुमचा गणपती कुठं बसणार?" सुवर्णाने तिला डोळ्यांनी दटावलं. मी म्हटलं, बघू गो.

निखिलला मेसेज केला: शि. साडेसात, अट नाही. अर्ध्या तासात त्याचा तक्ता आला. शि. पिवळा झाला होता. सोबत लिहिलंय, "आत्या, ठीक आहेस ना?" ठीक आहे असं कळवलं. तो वाईट नाही. हे मी त्याला कधीतरी सांगायला हवं.

२६ जुलै, शनिवार

सा. ला मुली परत आल्यापासून गीझर ठीक. हा. ला सलीमभाईंनी भाडं वेळेवर पाठवलं, शिवाय एक पिशवी सुके बोंबील. निखिलच्या तक्त्यात बोंबील कुठे घालायचे?

दिवसभर कामं करत राहिले. फ्रिज अजून जागचा हलवलेला नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

नागपंचमीला आमच्याकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट द्यायचा असतो. ज्या पाटावर मूर्ती घडते, तो घरचाच लागतो. सहा वर्षं माझा पाट मोहितेच पोहोचवतात, शिरगावच्या माळ्यावरून काढून, गोणपाटात गुंडाळून. मी फक्त फोन करते. यंदा केला नव्हता.

सकाळी नऊला खाली रिक्षा थांबली. मोहिते. दोन पाट. एक नवा कोरा, फणसाचा, सुताराकडून करून घेतलेला. दुसरा माझा, धुऊन पुसून, कडेला तेल लावलेला.

"तुमचा न्यायचा का न्हाई ठाऊक न्हाई मला," म्हणाले. "पण माळ्यावरनं काढला. माझा काढायचा आणि तुमचा वरच ठेवायचा, ते बरं न्हाई वाटलं. तुमी ठरवा. ऱ्हाऊ द्या म्हणालात तर परत नेऊन ठेवतो."

मी चपला घातल्या आणि रिक्षात बसले. साडीसुद्धा बदलली नाही. पाट मांडीवर होता. जड आहे बराच, आजवर कधी उचललाच नव्हता म्हणून कळलं नाही.

शाळेत मातीचा वास, पोती, अर्ध्या सोंडेचे गणपती रांगेने. म्हातारा मूर्तिकार पाय पसरून बसलेला, मांडीवर वही. आधी मोहित्यांचा पाट घेतला, ठोकून पाहिला, फणस बघून खूश झाला. "नाव?" मोहित्यांनी सांगितलं. "घर?"

"शिरगाव." एवढंच म्हणाले मोहिते, पण मान खाली घालून, माझ्याकडे न बघता.

म्हाताऱ्याने लिहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं; मोहिते माझ्याच घरात राहतात हे त्याला ठाऊक आहे. "आनि सिस्टर तुमचा? दर वर्षी मी तुमचापन शिरगावच लिवतो. एका घरात दोन कसे लिवू?"

मागे एक माणूस पाट घेऊन उभा होता, त्याला घाई होती. मोहिते काही बोलायला गेले, मी हाताने थांबवलं.

"नाव लिहा माझं," मी म्हटलं. "घराचं नंतर सांगते."

"चतुर्थीच्या आदी सांगा. नायतर मूर्ती हितंच ऱ्हायची नि मला पूजा करायला लागंल."

हसला, मीही हसले. वहीत माझ्या नावापुढची जागा त्याने कोरी सोडली, आणि पाट ठेवून घेतला.